थर्मासातली फितुरी

गेल्या शनिवारी व्हर्जिनियातल्या एका अठराव्या शतकाच्या गावात मला भरचौकात खोड्यात अडकवण्यात आले, आणि त्याची चित्रफीत माझ्याच मुलीने काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. पुण्याहून आत्याचा 'शोभतोस हो' असा अभिप्रायही येऊन गेला. मान अजून अवघडलेली आहे, त्यामुळे या लेखात तटस्थपणा शोधू नये.

आई तीन महिन्यांसाठी आली आहे आणि तिला अमेरिकेचा इतिहास दाखवावा ही कल्पना बायकोची. अशा गावांत लोहार, टोप विणणारे, शिपाई सगळे पगारी नट असतात आणि ते १७७५ सालातच राहतात. कितीही विनवले तरी आपल्या सालात येत नाहीत. तिकीट मात्र आपल्या सालाच्या दराने घेतात.

भर जुलैच्या उन्हात लोकरी कोट घातलेला, डोक्यावर तीन कोपऱ्यांची टोपी आणि नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक स्थिर थेंब असलेला एक गृहस्थ आमच्या बाकाशी येऊन उभा राहिला. तो गावाच्या समितीचा सदस्य होता. १७७४ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला भरलेल्या अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने ब्रिटिश मालावर बहिष्काराचा करार केला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला परगण्यापरगण्यात समित्या नेमायला सांगितल्या. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पिणे लगेच बंद झाले आणि पुढे १ मार्च १७७५ पासून पूर्वेकडचा कुठलाही चहा. आई नेमका त्याच वेळी थर्मासातून आल्याचा चहा ओतत होती.

त्याचे इंग्रजी मी बखरीच्या मराठीत देतो, कारण ते त्याच वळणाचे होते.

"बाईसाहेब, या पात्रात काय जिन्नस आहे?"

आईला प्रश्न कळला नाही, पण माझ्या मुलीला कळला आणि तिने "टी!" असे इतक्या मोठ्याने सांगितले की आजूबाजूचे पाचपन्नास पर्यटक जमा झाले.

"हा चहा कोठील?"

"इंडिया," मी म्हणालो. दुकान न्यू जर्सीतले होते, पण तेवढे तपशील कोण देतो.

"लोकहो, ऐकलेत? हा इसम कंपनीचा हस्तक आहे!"

मी संतापलो. ज्या कंपनीने आमचा सबंध देश गिळला, तिचा मी हस्तक? मी त्याला समजावले की १६ डिसेंबर १७७३ रोजी तुम्ही बॉस्टनच्या बंदरात ज्या ३४२ पेट्या बुडवल्यात, त्यांतला चहा चीनचा होता आणि आमच्याकडे आसामात चहाचे मळे उभे राहायला अजून साठेक वर्षे आहेत. त्यावर, पुढे साठ वर्षांनी काय घडणार हे मला ठाऊक असल्याबद्दल त्याने जमावाला माझ्या बुद्धीविषयी शंका बोलून दाखवली.

मग मी हुकमाचे पान काढले. "१७७५ सालच हवे ना? ठीक. मी पुण्याचा. या क्षणी आमची आणि इंग्रजांची लढाई जुंपली आहे. चार वर्षांनी, १७७९ च्या जानेवारीत, आम्ही त्यांच्या फौजेला वडगावला शरण आणणार आहोत. म्हणजे आपण एकाच बाजूचे!"

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "पूना? हे कोणत्या परगण्यात येते?"

लोक हसले. बायकोही हसली, आणि तिचे माहेर सदाशिव पेठेत आहे.

शिक्षा जाहीर झाली. खोड्याच्या फळ्या हजारो पर्यटकांच्या मानांनी गुळगुळीत झाल्या आहेत आणि त्यांना कुणाच्या तरी सनस्क्रीनचा खोबरेली वास येतो. कुलूप कधी लावत नाहीत. पण समोर पन्नास मोबाइल रोखलेले असताना मान काढून घेणारा माणूस भित्रा ठरतो. घरी येऊन मी मूळ करार वाचून काढला. त्याच्या अकराव्या कलमात बहिष्कार मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापावे आणि त्याच्याशी व्यवहार तोडावेत एवढीच तरतूद आहे. खोड्याचा उल्लेखही नाही. मला झालेली शिक्षा सरळसरळ बेकायदा होती.

वाकलेल्या अवस्थेत माणसाला नको ते आठवते. १७८१ साली यॉर्कटाऊनला यांनी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला हरवले. शरणागतीच्या वेळी तो आजारपण सांगून मुक्कामावरच बसला आणि तलवार द्यायला हाताखालच्या माणसाला पाठवले. पाच वर्षांनी तोच इसम आमचा गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. यांनी हाकललेला माल आमच्या गळ्यात पडला, आणि फितूर मी! शिवाय ज्या व्हर्जिनियात स्वातंत्र्याच्या एवढ्या गर्जना चालल्या होत्या, तिथे तेव्हा दर पाच माणसांत सुमारे दोन गुलाम होती; त्या दिवशी हे सरळ शब्दांत सांगितले ते फक्त एका स्वयंपाकघरात चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईने, आणि तिच्यापुढे आम्ही धरून सहाच श्रोते होते. चौकातली गर्दी माझ्या मानेसाठी होती.

गर्दी पांगली तेव्हा मला मान वळवता येत नव्हती, पण तिरक्या नजरेने दिसत होते. आईने थर्मासाच्या झाकणात चहा ओतून त्या समितीवाल्यापुढे धरला. "घ्या हो, केवढा घाम आलाय बिचाऱ्याला." त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, एक घोट घेतला आणि १७७५ सालच्याच आवाजात विचारले, "या पेयाचे नाव काय?"

मुलीने प्रश्न मराठीत सांगितला.

"काढा म्हणावं," आई म्हणाली.

काढ्यावर बंदी नव्हती. त्याने आणखी अर्धे झाकण मागून घेतले. हेच उत्तर तिला पंधरा मिनिटे आधी सुचले असते, तर! मी खोड्यातूनच तसे म्हणालो, तर ती म्हणाली, "तू हलू नकोस, ती फोटो काढतेय."