जंगलाचं भाडं

‘प्राण्यांची जागा प्राण्यांना परत द्या’ अशी पोस्ट दर आठ-पंधरा दिवसांनी कुठून तरी समोर येतेच. पूर्वी मीही ती हौसेने शेअर करायचो. आता वाचली की पहिला प्रश्न पडतो : परत द्यायची, पण कुणी? लाइक करणाऱ्या बहुतेकांच्या नावावर जनावरांच्या वाटेतली वीतभर जमीनही नसते. ज्याची असते त्याचं पीक जातं, वासरू जातं, रात्रीची झोप जाते, आणि वर उपदेशही त्यालाच.

मला वाटतं, त्याला भाडं द्यावं. नुकसान झालं की हेलपाटे मारून मिळवायची भरपाई वेगळी आणि ठरल्या तारखेला हातात पडणारं भाडं वेगळं. तारखेला फार किंमत आहे, हे मला केनियातल्या कितेंगेलाबद्दल वाचताना कळलं.

नैरोबी राष्ट्रीय उद्यान जेमतेम ११७ चौरस किलोमीटरचं. तीन बाजूंनी कुंपण, दक्षिणेची बाजू उघडी. पाऊस पडला की विल्डबीस्ट ही गाईसारखी दिसणारी हरणं आणि झेब्रे त्या बाजूने बाहेरच्या कितेंगेलाच्या माळावर पसरायचे आणि कोरड्या दिवसांत उद्यानात परतायचे. माळ मात्र गुरं पाळणाऱ्या मासाई कुटुंबांच्या मालकीचा. २००० साली तिथे एक योजना सुरू झाली : कुंपण घालू नका, जमीन विकू नका, जनावरांना जाऊ द्या, एकरी वर्षाला चार डॉलर घ्या. रक्कम तीन हप्त्यांत, आणि हप्ते शाळेचं सत्र सुरू होण्याच्या सुमाराला. ज्याने कुणी हे वेळापत्रक लावलं त्याला माणसं कळत होती. फी भरायची वेळ आली की गुरं तरी विकावी लागतात नाहीतर जमिनीचा तुकडा. नेमका तेव्हाच पैसा आला तर तुकडा वाचतो.

तरी ही योजना पुरी पडली नाही. शहर सरकत आलं, प्लॉटचे भाव असे चढले की चार डॉलरचा हिशेब त्यापुढे टिकेना. विल्डबीस्टची ये-जा पार रोडावली. ‘बघा, पैसे देऊन काही होत नाही’ असं यावरून म्हणणारे भेटतात. मी म्हणतो, पैसे कमी पडले.

दुसरी गोष्ट जोडणीची. दहा मालकांपैकी नऊ जणांनी करार केला आणि मधल्या एकाने कुंपण घातलं, तर उरलेल्या नऊ जणांना दिलेले पैसे बरेचसे वायाच. अमेरिकेतला प्राँगहॉर्न घ्या. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगाने पळणारं हे हरणासारखं जनावर, पण कुंपणावरून उडी मारणं त्याला जवळपास जमतच नाही. ते तारेखालून सरपटत जातं. खालची तार काटेरी आणि जमिनीलगत असली की एकतर पाठ सोलवटून निघते, नाहीतर कुंपणाच्या कडेकडेने मैलोगणती भटकणं आलं. उपाय किती साधा, तर खालची तार बिनकाट्याची घ्यायची आणि दीडएक फूट वर बांधायची. गुरं आत राहतात, प्राँगहॉर्न पार होतो. पण ते पक्कड घेऊन करायचं कुणी, आणि खर्च कुणाचा?

म्हणून एकरावर पैसे मोजण्यापेक्षा सलगतेवर मोजावेत, या मताचा मी झालोय. अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्यात ओढ्याकाठची जमीन राखण्याच्या योजनेत अशी सोय होती : पाच मैलांच्या पट्ट्यातला निम्मा काठ योजनेत आला की सगळ्यांना जादा रक्कम. मग शेजारीच शेजाऱ्याला गाठून विचारतो, ‘तू कधी येतोस?’ सरकारी माणसाच्या दहा चकरांनी होत नाही ते या एका प्रश्नाने होतं. नेदरलँड्सने तर २०१६ पासून असे करार सुट्या शेतकऱ्यांशी करणं थांबवून शेतकऱ्यांच्या गटांशीच सुरू केले.

आक्षेपही आहेत, आणि सगळे फालतू नाहीत. जो झाडं तोडणारच नव्हता त्याला पैसे कशाला? कोस्टा रिकाने १९९६ च्या कायद्याने इंधनावरच्या करातून जंगलमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावरही हीच टीका झाली. टीका बरोबर होती. पण आजवर राखलं त्याला शून्य आणि उद्या तोडीन म्हणणाऱ्याला पैसे, असा नियम केला तर लोक कुऱ्हाडी परजूनच अर्ज भरायला येतील!

मला खरी धास्ती कराराच्या मुदतीची वाटते. अमेरिकेत १९८५ पासून शेतजमीन दहा ते पंधरा वर्षं पडीक ठेवून तिच्यावर गवत-झाडं राखायचे पैसे मिळतात. २००७ मध्ये अशी जमीन ३ कोटी ६८ लाख एकरांवर गेली होती. मग मक्याचे भाव वाढले, सरकारनेही मर्यादा खाली आणली, आणि काही वर्षांत त्यातली एक कोटीहून जास्त एकर जमीन योजनेबाहेर गेली. पंधरा वर्षं वाढवलेलं गवत ट्रॅक्टर एका दिवसात उलटं करतो. शेतकऱ्याला दोष देऊ नका, त्याने करार शेवटच्या दिवसापर्यंत पाळला होता. पुढचं भाडं मक्याच्या बरोबरीने देऊ, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.