‘अमेरिकेत कोणीही निवडून येवो, बंदूक जागची हलत नाही’ म्हणे!

अमेरिकेत कुठे शाळेत किंवा चर्चमध्ये गोळीबार झाला, की दोन दिवसांत एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, ऐवज तोच. ‘अमेरिकेच्या घटनेने १७९१ सालीच प्रत्येकाला बंदुकीचा अमर्याद हक्क दिला आहे. सुप्रीम कोर्टाने २००८ आणि २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब करून उरलेसुरले कायदेही मोडीत काढले. त्यामुळे तिथे कोणीही निवडून आलं तरी काही फरक पडत नाही. वीस लहान मुलं मेली तेव्हाही काही झालं नाही, आता काय होणार?’

वाचताना पटतं. शेवटच्या वाक्याला आवंढा येतो, आणि एकदा आवंढा आला की आधीची तीन वाक्यं कोणी तपासायला जात नाही. मी गेलो.

‘१७९१ सालीच अमर्याद हक्क दिला’

दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे इंग्रजीत मोजून २७ शब्दांचं एकच वाक्य. पहिल्या अर्ध्यात म्हटलंय, की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी शिस्तबद्ध मिलिशिया, म्हणजे नागरिकांचं दल, आवश्यक आहे. दुसऱ्या अर्ध्यात म्हटलंय, की शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा येणार नाही. या दोन अर्ध्यांचा एकमेकांशी संबंध काय, हाच सगळा वाद. पहिला अर्धा दुसऱ्याला लगाम घालतो, की नुसतीच प्रस्तावना आहे?

बराच काळ न्यायालयाचा कल लगामाकडे होता. टोळीयुद्धांच्या दिवसांत, १९३४ साली, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मशीनगन, सायलेन्सर आणि आखूड नळीच्या शॉटगन यांच्यावर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी २०० डॉलर म्हणजे जवळजवळ एका मशीनगनचीच किंमत. पाच वर्षांनी मिलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की आखूड शॉटगनचा मिलिशियाशी काही संबंध असल्याचं दाखवलेलं नाही, तेव्हा घटनेचं संरक्षण तिला मागता येणार नाही. त्या सुनावणीला मिलरच्या बाजूने उभं राहायला एकही वकील आला नव्हता, आणि निकाल लागला तोवर मिलर स्वतःच गोळ्या लागून मेलेला होता. ही आखूड शॉटगन लक्षात असू द्या, तिच्याकडे परत यायचं आहे.

मिलिशियाशी संबंध नसलेल्या साध्या माणसालाही घरात बंदूक ठेवण्याचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं ते २००८ साली, हेलर खटल्यात. म्हणजे घटनादुरुस्तीनंतर २१७ वर्षांनी, आणि तेही पाच विरुद्ध चार मतांनी. हेलर हा वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीवरचा सुरक्षारक्षक. दिवसभर कमरेला पिस्तूल लावून पहारा द्यायचा आणि संध्याकाळी घरी मात्र तेच ठेवता यायचं नाही, कारण शहरात १९७६ पासून हँडगनवर बंदी होती. त्याचं गाऱ्हाणं पटण्यासारखं होतं, हे मान्य.

पण निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया, जे बंदूकप्रेमींचे लाडके, त्यांनी त्याच निकालात लिहून ठेवलंय की हा हक्क अमर्याद नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवरची बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींतली मनाई, विक्रीवरच्या अटी या सगळ्याला आपण हात लावत नाही, असंही त्यांनी म्हटलं. तेव्हा ‘अमर्याद’ हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याचा. स्कॅलियांचा नाही.

‘कोर्टाने उरलेसुरले कायदे मोडीत काढले’

इथे थोडं तथ्य आहे. २३ जून २०२२ ला ब्रुएन खटल्याचा निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. न्यूयॉर्कमध्ये १९१३ पासून कायदा होता, की घराबाहेर बंदूक बाळगायची तर तसं खास कारण दाखवा. तो गेला. शिवाय न्यायमूर्ती थॉमस यांनी नवी कसोटी घालून दिली. बंदुकीवरचा कुठलाही निर्बंध टिकवायचा असेल तर देशाच्या इतिहासात, परंपरेत त्याचं नातं दाखवा. कायद्याने किती जीव वाचतील, हा हिशेब न्यायालय ऐकणार नाही.

या कसोटीने काय घोळ घातला ते रहीमी खटल्यात दिसतं. घरगुती हिंसाचारामुळे ज्याच्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम आहे, त्याने बंदूक बाळगू नये, असा संघराज्याचा कायदा आहे. पाचव्या सर्किटच्या, म्हणजे एका विभागाच्या, अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण जुन्या काळातला तसा कायदा सापडेना. सापडेल कसा? बायकोला मारणं हा गुन्हा आहे, हेच त्या काळी फारसं कुणी मानत नव्हतं.

पण पुढे काय झालं ते मजकुरात नसतं. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा आठ विरुद्ध एक मतांनी वाचवला. आमचे निकाल म्हणजे अंबरच्या, म्हणजे जीवाश्म राळेच्या, खड्यात अडकलेला कायदा नव्हे, अशा अर्थाचं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती म्हणजे ज्यांनी ती कसोटी घातली ते थॉमस. मार्च २०२५ मध्ये, सुट्या भागांतून घरी जोडायच्या ‘घोस्ट गन’वरचा सरकारी नियमही सात विरुद्ध दोन मतांनी टिकला. जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या असॉल्ट रायफलबंदीत लक्ष घालायला कोर्टाने नकार दिला, म्हणजे तूर्त ती बंदी कायम. मात्र हा प्रश्न लवकरच हाती घ्यावा लागेल, असं न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी सूचित केलंय, त्यामुळे ‘कायम’ या शब्दावर फार विसंबू नये.

आणि न्यूयॉर्क? ब्रुएननंतर आठ दिवसांत तिथल्या विधिमंडळाने नवा कायदा करून बंदूक कुठे कुठे न्यायची नाही याची लांबलचक यादी केली. टाइम्स स्क्वेअरला ‘येथे बंदुकीस मनाई’ असे फलक खांबांवर लागले. त्या कायद्यावर पुन्हा खटले झाले, पण त्यातला मोठा भाग अपिलात टिकला.

‘कोणीही निवडून आलं तरी फरक पडत नाही’

हा मजकुराचा गाभा, आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच आहे.

आधी कोर्टाचंच घ्या. स्कॅलिया फेब्रुवारी २०१६ मध्ये वारले. ओबामांनी सुचवलेल्या नावावर रिपब्लिकन सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही, जागा निवडणुकीपर्यंत रिकामी ठेवली. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले आणि चार वर्षांत त्यांनी तीन न्यायाधीश नेमले. गोर्सच, कॅव्हानॉ, बॅरेट. ब्रुएनच्या बाजूच्या सहा मतांत ही तिन्ही आहेत. मजकुरात ज्या ‘शिक्कामोर्तबा’चा दाखला दिलाय, तो शिक्काच मतपेटीतून निघालेला आहे.

पण राष्ट्राध्यक्षाची निवडणूक सगळ्यांनाच दिसते. खरी गंमत खालच्या निवडणुकांत, ज्यांची बातमी बाहेर येत नाही. नेवाडाची गोष्ट सांगतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नेवाडात थेट जनतेसमोर प्रश्न ठेवला गेला. खाजगी व्यवहारातही बंदूक विकताना खरेदीदाराचा बॅकग्राउंड चेक, म्हणजे पूर्वेतिहासाची तपासणी, व्हावी का? दहा हजारांहून कमी मतांच्या फरकाने ‘हो’ जिंकलं. १७ पैकी १६ काउंट्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं, लास वेगास असलेल्या एकट्या क्लार्क काउंटीने तारलं. कायदा १ जानेवारी २०१७ ला लागू व्हायचा होता. तो झालाच नाही. का? तर मसुद्यात लिहिलं होतं, की तपासणी थेट एफबीआयकडून करून घ्यायची. एफबीआयने कळवलं, की आमची यंत्रणा कशी वापरायची हे एखादं राज्य आम्हाला सांगू शकत नाही. राज्याचे रिपब्लिकन ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, ॲडम लॅक्सॉल्ट यांनी मत दिलं, की मग हा कायदा अंमलात आणता येणार नाही. झालं! लोकांनी मंजूर केलेला कायदा एका वाक्याच्या रचनेपायी कपाटात गेला. समर्थक कोर्टात गेले, तिथेही हात हलवत परत आले.

इथवर मजकूरवाल्याचंच खरं वाटतं. पण २०१८ मध्ये हेच लॅक्सॉल्ट गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि डेमोक्रॅट स्टीव्ह सिसोलॅक यांच्याकडून हरले. नव्या विधिमंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ते वाक्य दुरुस्त केलं. तपासणी एफबीआयऐवजी राज्याच्याच यंत्रणेतून. सिसोलॅक यांनी सही केली, आणि जानेवारी २०२० पासून कायदा लागू झाला. सुप्रीम कोर्टाचा या सगळ्यात संबंध शून्य. एक जनमत, एक अधिकारी, पुढची एक निवडणूक, एवढाच मामला.

व्हर्जिनियात महिन्याला एकच हँडगन विकत घेता येईल असा नियम १९९३ साली आला, २०१२ मध्ये विधिमंडळाने काढला, २०१९ च्या निवडणुकीत बहुमत पालटल्यावर २०२० मध्ये परत आला. मिशिगनमध्ये २०२२ ला जवळजवळ चार दशकांनी डेमोक्रॅटांच्या हाती गव्हर्नरपद आणि दोन्ही सभागृहं आली, आणि पुढच्याच वर्षी सरसकट बॅकग्राउंड चेक झाला. उलट दिशेलाही तेवढाच जोर आहे, हे सांगायलाच हवं. परवान्याशिवाय कपड्याखाली बंदूक बाळगायची मुभा आज २९ राज्यांत आहे. ती सुप्रीम कोर्टाने दिलेली नाही, जवळजवळ सगळीकडे निवडून आलेल्या विधिमंडळांनी दिली. ब्रुएननंतरही परवाना मागायला राज्यांना बंदी नाही. या राज्यांनी तो मागायचाच नाही असं ठरवलं.

‘वीस मुलं मेली तेव्हाही काही झालं नाही’

डिसेंबर २०१२, सँडी हुकची शाळा. वीस मुलं आणि सहा मोठी माणसं. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये बॅकग्राउंड चेक वाढवण्याचा प्रस्ताव आला. ५४ बाजूने, ४६ विरुद्ध, आणि तरी पडला, कारण चर्चा संपवायलाच ६० लागतात. तेव्हा वॉशिंग्टनपुरतं बोलायचं तर मजकूरवाला खोटं बोलत नाही.

पण त्याच २०१३ मध्ये कनेक्टिकट, न्यूयॉर्क, मेरीलँड आणि कोलोरॅडो यांनी कायदे केले. वर ज्या मेरीलँडच्या बंदीचा उल्लेख आला ती हीच. कोलोरॅडोने तर जबर किंमत मोजली. बंदूकसमर्थकांनी सह्या गोळा केल्या, मुदत संपण्याआधीच पदावरून हटवायचं मतदान घ्यायला लावलं आणि सप्टेंबरमध्ये राज्य सिनेटच्या अध्यक्षांसह दोन सिनेटर घरी पाठवले. अध्यक्ष पडले ते काहीशे मतांनी. कायदा मात्र टिकला.

पार्कलँडच्या शाळेत फेब्रुवारी २०१८ मध्ये १७ जण मेले, तेव्हा फ्लोरिडाचं विधिमंडळ आणि गव्हर्नर दोन्ही रिपब्लिकन. एका महिन्याच्या आत बंदूक खरेदीचं वय २१ वर गेलं. निवडणुकीचं वर्ष होतं आणि गव्हर्नर रिक स्कॉट सिनेटसाठी उभे राहणार होते, हा योगायोग समजायचा असेल तर समजा.

वॉशिंग्टनमध्येही २०२२ ला बर्फ थोडं वितळलं. टेक्ससमधल्या उवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर सिनेटने ६५ विरुद्ध ३३ मतांनी कायदा मंजूर केला, तोही नेमका ब्रुएनच्या निकालाच्याच दिवशी. त्यात केवढंसं होतं, हे दुकानाच्या काउंटरवर उभं राहून बघावं. गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं, दुकानदार सरकारी यंत्रणेकडे विचारणा करतो, उत्तर येतं: विका, थांबा, किंवा देऊ नका. ‘थांबा’ आलं आणि कामकाजाचे तीन दिवस उलटूनही पुढे काही कळलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती याच फटीतून. नव्या कायद्याने हे तीन दिवस दहापर्यंत वाढू शकतात, पण फक्त २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी. चार्ल्सटनचा मारेकरी २१ वर्षांचा होता. नवा नियम त्याला लागलाच नसता.

आता ती आखूड शॉटगन. १९३९ च्या मिलर खटल्यात जिला संरक्षण नाकारलं, तिच्यावरचा २०० डॉलरचा कर ९१ वर्षांत एक डॉलरनेही वाढला नाही की घटला नाही. हेलर आला, ब्रुएन आला, कुणी त्याला हात लावला नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर तो जुलै २०२५ च्या भल्यामोठ्या अर्थविषयक विधेयकात एका कलमाने निघाला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झाले, उपराष्ट्राध्यक्षांच्या एका मताने विधेयक पार पडलं. १ जानेवारी २०२६ पासून आखूड शॉटगन, आखूड रायफल आणि सायलेन्सर यांच्यावरचा तो कर शून्य. नोंदणीही काढून टाकायचा बेत होता, पण अर्थविषयक विधेयकात ती बसत नाही असं सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी सांगितलं, म्हणून फॉर्म अजूनही भरावा लागतो.