हेन डोमेनचं टेकाड आणि आपल्या गढ्या

वेल्सच्या सीमेवर माँटगोमेरी गावाबाहेर हेन डोमेन नावाचा किल्ला आहे. किल्ला म्हणायचा, पण तिथे चिऱ्यावर चिरा दिसणार नाही. सुमारे 8 मीटर उंच मातीचं टेकाड, त्याला लागून आवार, भोवती दुहेरी खंदक आणि बांध. रॉजर द माँटगोमेरी या नॉर्मन सरदाराने 1070 च्या दशकात सेव्हर्न नदी पायी ओलांडायच्या जागेवर नजर ठेवायला तो लाकडात उभारला. 1223 मध्ये तिसऱ्या हेन्रीने जवळच्या कड्यावर दगडी किल्ला बांधायला घेतला आणि याची सद्दी संपली.

1960 पासून पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी इथे उत्खनन केलं. काही इमारती थेट जमिनीवर ठेवलेल्या तुळयांवर उभ्या होत्या. लाकूड कुजलं आणि उरला तो मातीच्या रंगातला जेमतेम फरक. अरुंद चरात तो ओळखूच आला नसता, म्हणून आवाराचा मोठा भाग एकदम उघडून थर एकेक करून उतरवला. तीस वर्षं खपूनही सगळं आवार झालं नाही.

आपल्याकडे 2025 मध्ये 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. वाडे, दरवाजे पुन्हा उभारा, ही मागणी तर जुनीच. तिच्यामागचं प्रेम खरं आहे, पण जोती मोकळी करताना जो 'राडारोडा' उपसतात त्यात चुलीची राख, खापरं आणि पडलेल्या छपराची कौलं थराने बसलेली असतात. नोंद न करता तिथे जेसीबी घातला की कसला पुरावा नि कसली पुनर्बांधणी!

आणि या वादात गढ्या कुठेच नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या लोक ट्रॉल्या भरभरून नेतात. पायथा पोखरला की वरचा भाग पावसाळ्यात कोसळतो.

इकडचे, म्हणजे ब्रिटनमधले, उपाय गढ्यांना तसेच्या तसे चालणार नाहीत. इथे टेकाडांच्या उतारावर गवत राखतात, जड गुरांऐवजी मेंढ्या चारतात, झाड काढताना खोड कापून मुळं जमिनीतच ठेवतात. उपटलं तर थर उसकटतात. गढीचा शत्रू पाणी. माथ्यावर ते साचू न देणं, पायथ्यापासून लांब काढणं आणि भेगा त्याच जातीच्या मातीने लिंपणं, एवढं तरी व्हावं. सिमेंटचा गिलावा मात्र नको: आत ओल कोंडते आणि पुढे मातीसकट पापुद्रा सुटतो.

हेन डोमेन खासगी जमिनीवर आहे, तरी परवानगीशिवाय मालकालाही तिथे खणता येत नाही. गढीचा सातबारा कुणाच्याही नावावर असो, आधी तालुकावार यादी करून माती उचलण्यावर बंदी घालावी. दरवाजांचे आराखडे नंतर.