सव्वा वर्षाचा सल्लागार

झालं, आमच्या नगरपरिषदेतला स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेला, नगरसेवक पुन्हा बदलला! राजीनाम्याचं कारण 'वैयक्तिक'. मागच्याचंही वैयक्तिकच होतं. अहो, सरळ सांगा ना, पाच वर्षांची एक खुर्ची चौघांत वाटलीये, सव्वा-सव्वा वर्ष! राजीनाम्यावर म्हणे आधीच सही घेऊन ठेवतात, नंतर फक्त तारीख टाकायची.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं अशा नेमणुकीची सोय केली ती पालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान, अनुभव असणाऱ्यांसाठी. मताचा अधिकार नाही, सल्ला द्यायचा. आणि येतो कोण? निवडणुकीत पडलेला, नाहीतर तिकिटावरून रुसलेला.

आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय. पहिल्याला अर्ज दिला, त्याला फाइल कळेपर्यंत मुदत संपली. दुसरा म्हणाला, 'बघतो.' आज तिसऱ्याची मिरवणूक निघाली, जेसीबीतून गुलाल उधळला, तोही सगळा त्याच गटारात. चौकात 'हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स, खाली चाळीस फोटो. जुना काढायचीही तसदी नाही, त्यावरच ठोकलाय. कडेनं मागच्याचा एक कान अजून दिसतो.

आत्ताच अर्जाची पुन्हा झेरॉक्स काढून आलोय. या वेळी नावाची जागा मोकळी सोडलीये.