नम्रतेत पहिला क्रमांक कसा मिळवावा

सोसायटीच्या पार्किंगपासून चौकातल्या फलकापर्यंत ज्या ठाण्यात प्रत्येक ठिकाणी मानापमानाची चढाओढ चालते, त्या ठाण्यात ख्रिस्ती माणसानेच मागे का राहावे? पोप पहिले ग्रेगरी यांनी सहाव्या शतकात गर्वाला सर्व दुर्गुणांची राणी म्हटले होते. राणी म्हटल्यावर तिला पहिल्या रांगेत जागा द्यायला हवीच. फक्त तिने नम्रतेचा पोशाख करून यावे, एवढी काळजी आपण घ्यायची.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, मेजवानीला गेल्यावर शेवटच्या जागी बसावे, म्हणजे यजमान स्वतः येऊन ‘मित्रा, वर येऊन बस’ असे म्हणेल. तेव्हा शेवटच्या बाकावर अवश्य बसावे, मात्र तो बाक सूत्रसंचालकाच्या नजरेच्या टप्प्यात असल्याची आधी खात्री करून घ्यावी.

दान गुप्तच असावे. फरशीवर नाव कोरून घेताना अक्षरे सोनेरी न घेता काळी घ्यावीत.

आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि उत्पन्नाचा दशांश देतो, हे येशूच्या दृष्टान्तातल्या त्या भोळ्या परूश्याने, म्हणजे कडक नियम पाळणाऱ्या यहुदी धर्मपंथीयाने, मंदिरात उभे राहून केवळ देवाला ऐकवले. आपल्याकडे धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

पाय धुऊन घेण्याची कला मात्र सविस्तर शिकण्यासारखी आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी घरातल्या दासाचे, म्हणून पेत्र संकोचून आधी नकोच म्हणाला. त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस २०१३ साली यासाठी रोममधल्या बालसुधारगृहात गेले आणि त्यांनी तिथल्या बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. यंदा आमच्याकडे या प्रथेत बरीच सुधारणा झाली. आमचे बारा जण देणगीच्या पावत्या समोर ठेवून निवडले असावेत, असा संशय यावा इतकी ती निवड नेमकी होती. प्रत्येकाने एकच मोजा काढून, घडी घालून, पॉलिश केलेल्या बुटात खोचला होता. पाय घरूनच इतके स्वच्छ धुऊन आणले होते की पाण्याला काही काम उरले नव्हते. एका पायाशी छायाचित्रकाराचा नेम चुकला, तर त्याने ‘फादर, परत एकदा’ म्हटले आणि फादरांनी निमूटपणे पुन्हा पाणी ओतले!

या बारा जणांच्या कुटुंबीयांसाठी पुढच्या बाकांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवले होते. घोडबंदरच्या कोंडीचा हिशेब करून घरातून लवकर निघालेल्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या आमच्या एका मावशी तिथे चुकून बसल्या. छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक आला आणि म्हणाला, “आंटी, इथे व्हीआयपी बसणार आहेत, तुम्ही मागे उभ्या राहा.” मावशी उठल्या, आणि शुभवर्तमानाच्या वाचनात पेत्राचे पाय धुतले जात असताना त्या मागच्या खांबाला टेकून उभ्या होत्या.

आता उपरोध पुरे. बाकांवर कागद चिकटवणाऱ्यांनो, बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तुम्ही वाचला आहे की नाही? सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिकडे उभा राहा’ म्हणायचे, हे तिथे शब्दशः लिहिले आहे, आणि तसे करणाऱ्यांना वाईट मनाचे न्यायाधीश म्हटले आहे. तुम्ही ते वाक्यही बदलले नाही. ज्याने दासाचे रूप घेऊन क्रुसावरचे मरण पत्करले, त्याच्या घरात व्हीआयपी कोण, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? लाज वाटायला हवी. पुढच्या वर्षीच्या बारा जणांची यादी करायची तेव्हा करा; आधी बाकांवरचे ते कागद काढा, आणि चिकटपट्टीचे डागही तुम्हीच खरवडा, कारण दर शनिवारी ते बाक पुसायला त्याच मावशी येतात.