खराट्यासमोर थांबलेली आई

जोधपूरहून येऊन आठ दिवस झाले आणि मी भेटेल त्याला झाडूबद्दल सांगतेय. इथेही सांगते. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

मेहरानगड आम्ही नीट बघितला, चांगले तीन तास. १७३० च्या सुमारास गुजरातच्या मोहिमेत जिंकून आणलेली सोनेरी पालखी, चांदीची अंबारी, राजघराण्यातले पाळणे, तलवारी. मांडणी इतकी निगुतीची की त्यासाठी एक अख्खा दिवस हाताशी ठेवावा. जैसलमेरचं लष्कराचं युद्ध संग्रहालयही पाहिलं. लोंगेवालाची १९७१ ची लढाई तिथे वाचताना घसा दाटून आला. पण माझी आई, वय ७१, या सगळ्या प्रवासात मनापासून थांबली ती एकाच ठिकाणी.

जोधपूरबाहेर मोकलावास गावाजवळ, दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर ‘अरना झरना’ नावाचं संग्रहालय आहे. कोमल कोठारी यांनी ते उभं केलं. लोकगीतं, लोकवाद्यं, लंगा-मांगणियार गायक यांच्यासाठी आयुष्य वेचलेला हा माणूस २००४ साली गेला. राजस्थान समजून घ्यायचा तर राजांच्या वंशावळीआधी लोक काय खातात ते बघा, असं त्यांचं म्हणणं. बाजरीचा मुलूख, ज्वारीचा मुलूख, मक्याचा मुलूख, असे त्यांनी प्रदेशाचे भाग पाडले. प्रत्येक मुलखाचं गवत वेगळं, चूल वेगळी, गाणं वेगळं. आणि झाडूसुद्धा वेगळा! म्हणून तिथे झाडू मांडले आहेत. खींप या वाळवंटी झुडपाचे, मुंज गवताचे, बांबूचे. कोणत्या मातीत काय उगवतं, ते कोण तोडतं, कोण बांधतं आणि ते करणाऱ्या समाजांच्या वाट्याला काय येतं, हे सगळं एका झाडूतून उलगडत जातं. घरातला झाडू तिथे स्त्रीलिंगी आणि बाहेरचा पुल्लिंगी मानतात.

हे ऐकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. ती केरसुणी, तो खराटा. आयुष्यभर बोलतोय आपण हे, कधी लक्षात आलं होतं का?

आई एका जाडजूड झाडूसमोर वाकली. “अवं, हा त आपल्या खळ्यावरचा खराटा होय!” मग तिने बांधणी बघितली. वरच्या बाजूला सुतळीचे तीन वेढे, मग काड्यांच्या मधून एक आडवा फेर, आणि टोक आत खोचलेलं. “आमची आजी असाच आत खोचे,” आई म्हणाली, “न्हाई त झाडता झाडता सुटते.” वर्धा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी पऱ्हाटीचा नाही तर तुराट्यांचा खराटा बनायचा आणि शिंदीच्या पानांची केरसुणी. दिवाळीला त्याच केरसुणीला हळद-कुंकू लागायचं. अर्धा तास ती तिथल्या माणसाशी बोलत होती. तिचं हिंदी, त्याचं मारवाडी, आणि दोघांना सगळं कळत होतं. मेहरानगडात ती पाहुणी होती. इथे ती जाणकार होती.

मला एवढंच म्हणायचंय की आपल्या नागपुराला, आपल्या विदर्भाला असं संग्रहालय हवं. ज्यात माझी आई जाणकार असेल.

आपल्याकडे काही नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा आहे. शस्त्रं, शिल्पं, शिलालेख, आदिवासी कला, भुसा भरलेले प्राणी. ऑफिसात विचारलं तर शाळेच्या सहलीनंतर तिथे कुणीच पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि यात मीही आले. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आहेत, टाइपरायटर आहे. तिथे गेलात तर कळेल, रोज हाताळलेली वस्तू माणसाला किती जवळ आणून ठेवते. जैसलमेरजवळ अकलला आम्ही १८ कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडं बघायला गेलो. मग आठवलं, आपल्याच गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. मी अजून गेलेले नाही.

पण वस्तू ठेवली म्हणजे झालं, असं नाही. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात (नाव घेत नाही) एका सुरेख गोंडी दागिन्याखाली चिठ्ठी होती: ‘दागिना. धातू.’ कुणी घातला, कोणत्या सणाला, घडवणारा कोण, काही नाही. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं होतं. तो घालणाऱ्या बाईचं सगळं बोलणं कुणीतरी पुसून टाकलं होतं.

आपल्याकडे सांगण्यासारखं किती आहे! कोठारींच्या नकाशासारखा विदर्भाचा नकाशा करून बघा. पूर्वेला झाडीपट्टीचं धान, पश्चिमेला वऱ्हाडचा कापूस आणि ज्वारी, आणि मधे आपण. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल याच कापसावर चालली.

आणि उन्हाळा! पारा ४५ च्या पुढे गेला की आपण काय काय करतो, त्याचं एक पूर्ण दालन होईल. रांजण, वाळ्याच्या ताट्या, पन्ह्याची कैरी, खिशातला कांदा, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि दर एप्रिलला नवं गवत भरलेला लोखंडी कूलर. हवा कोरडी म्हणून गवतातलं पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे कूलर ही आपल्या हवेचीच वस्तू आहे, जसा खींपाचा झाडू थरचा. त्या ताट्या कोण विणत होतं, वाळा कुठल्या नदीकाठून यायचा, हे सांगणारे म्हातारे अजून आहेत. पण किती दिवस?

म्हणून विनंती. तुमच्या घरी वाळ्याचा पंखा, कुलूप लागणारा लाकडी डबा, जुना पाटा, धान मोजायची कुडव-पायली असं काही असेल तर फोटो टाका. सोबत चार ओळी लिहा: कुणाचं होतं, कुणी बनवलं, कशाला वापरत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा.

सुरुवात मी करते. मागच्या आठवड्यात मामाने गावाहून खराटा पाठवलाय, तो बाल्कनीत ठेवला आहे. आईच्या तोंडून ऐकून चिठ्ठी लिहिली: ‘पऱ्हाटीचा खराटा. सुतळीचे तीन वेढे, टोक आत खोचलेलं. खळं झाडायला.’ आईने वाचली आणि म्हणाली, “बांधणाऱ्याचं नाव राहिलं ना वं.” आज संध्याकाळी मामाला फोन करायचाय.