नववी ‘ब’ आणि गिधाडाची शू

शोधनिबंध तपासणारे परीक्षक फार तर निबंध नाकारतात. नववी ‘ब’ तोंडावर जांभई देते.

शाळेत व्याख्यान म्हटलं की क्रम ठरलेला. मुख्याध्यापक ‘सर्पमित्र’ अशी माझी ओळख करून देतात (मी गिधाडांवर काम करतो), गुलाबपुष्प मिळतं, मग प्रोजेक्टर चालत नाही. शिपाईमामांनी वायर दोनदा हलवून एकदा शिवी हासडली की पडद्यावर माझा आलेख उमटतो : पांढऱ्या पाठीची गिधाडं, १९९२ ते २००७. हजारातलं एक उरलं. मी आवाज जड करून थांबतो. मागच्या बाकावरून हात वर.

“सर, हे पेपरला आहे का?”

नाही म्हटल्यावर वह्या मिटतात. मग डायक्लोफिनॅक येतं. गुरांना सूज, दुखणं यांवर टोचायचं औषध. टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, यूरिक आम्ल साचतं, यकृतावर पांढरा थर बसतो. हे २००४ साली उघड झालं. ‘मूत्र’ शब्दाला तिसऱ्या बाकावर खुसखुस होते. तेवढा धागा मला पुरतो.

“उन्हात गार राहायला अमेरिकेतली काही गिधाडं स्वतःच्या पायांवर शू करतात.”

वर्ग जागा! दारातल्या बाई खाकरतात, पण आता त्यांना विचारतो कोण?

जागा झालेला वर्ग जास्त धोकादायक. पुढच्या बाकावरची एक मुलगी विचारते, “सगळ्या गुरांना थोडंच इंजेक्शन देतात? शंभरात किती?”

“विषारी मढी शंभरात एकाहून कमी असली, तरी एवढा नाश होतो.”

“मग सगळी कशी मेली?”

नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याच्या उत्तरासाठी माझ्याकडे समीकरणांच्या स्लाइड आहेत. मी पहिली उघडतो, तोवर मागून आवाज येतो, “अगं, एका मढ्यावर पन्नास बसतात ना! पंगतीत बासुंदी नासली तर अख्खं वऱ्हाड आडवं!” समीकरणं मी मुकाट्यानं पुढे सरकवली. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, हे मात्र सांगायचं राहू दिलं नाही.

गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. तरी लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचत राहिले. म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलीची झाली.

“मग पाच बाटल्या घ्यायच्या,” एकजण म्हणाला. लगेच शेजारचा, ज्याच्या बाबांचं मेडिकल आहे तो, “कोण फोडत बसणार? महाग पडतं. सरकारनं तेच बघितलंय, येड्या.”

धोरणाचं एवढं नेमकं विश्लेषण मी परिसंवादातही ऐकलेलं नाही.

शेवटी आभारप्रदर्शन. वर्गप्रतिनिधीनं चिठ्ठी उघडून खणखणीत आवाजात वाचलं, “सर्पमित्र सरांनी आम्हाला गिधाडाच्या शूबद्दल बहुमोल मार्गदर्शन केलं, त्याबद्दल शाळा त्यांची ऋणी आहे.”